बोरपाड्याचं खाजण

गंगापूर रोडवर, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर विश्वेश दाणी यांचं ऑफिस होतं. पाटीवर ‘पर्यावरण सल्लागार’ असं लिहिलेलं होतं आणि आत सल्ला सोडून बाकी सगळं मिळायचं. कुणाला रस्त्यासाठी, गोदामासाठी, कारखान्यासाठी झाडं तोडायची असली की तेवढीच झाडं दुसरीकडे लावून जगवल्याचे कागद लागतात. ते कागद इथे तयार व्हायचे. झाडं कुठे तयार होतात, हे सहसा कुणी विचारत नसे.

मृण्मयी गायधनी इथे अकरा वर्षं होती. वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात, त्यामुळे शेवटच्या पानावरची सही तिची असायची. कामाची पद्धत तिला पाठ झाली होती. रोपांचे मोबाइलवर फोटो काढायचे, फोटोवर जागेचे अक्षांश-रेखांश उमटतात. जगलेल्या एका रोपाचे चार बाजूंनी चार फोटो काढले की चार रोपं जगतात. क्षेत्र कमी पडलं तर ऑफिसात बसून उपग्रहाच्या नकाशावर हद्दीची रेघ थोडी बाहेर ओढायची. याला कुणी खोटं म्हणत नसे. ‘बसवणं’ म्हणत. आकडा बसवला का, क्षेत्र बसवलं का, असं विचारलं जायचं आणि ती बसवून द्यायची.

तिचे वडील वेणीमाधव गायधनी रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. त्यांच्याकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या होत्या. एखादं नाव चुकलं तर ते खोडत नसत. चूक तशीच ठेवून शेजारी लाल शाईने दुरुस्ती करायची आणि खाली तारीख घालायची. मेलेल्या माणसांबद्दल इतकं खरं लिहिणाऱ्या घरातली मुलगी मेलेल्या झाडांबद्दल अकरा वर्षं खोटं लिहीत होती. हे तिचं तिलाच कळत होतं आणि कळून काही होत नव्हतं.

मग कामात समुद्रकिनाऱ्यावरची मोरखारची खाडी आली.

एम.एस्सी.ची दोन वर्षं तिने त्याच खाडीत काढली होती. कमरेइतक्या चिखलात उभं राहून खारफुटीच्या तिवरांची श्वासमुळं मोजली होती. जमिनीतून बोटभर वर आलेल्या, हवा घेणाऱ्या त्या मुळांचे हजारो खुंट ओहोटीला उघडे पडायचे. शिंपल्या वेचायला येणाऱ्या कोळणींनी तिला चालायला शिकवलं होतं, आणि भरती ओळखायलाही. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितके वाजता पाणी पूर्ण भरलेलं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घड्याळ चुकेल, हे चुकत नाही, असं त्या म्हणायच्या. घरी वडिलांकडून तिथी ऐकतच ती वाढलेली, तिला हे गणित फार आवडलं होतं.

त्याच खाडीवरून आता बंदराकडे जाणारा रस्ता आणि मालाचं यार्ड होणार होतं. अडतीस हेक्टर कांदळवन. पाहणीचं काम दाणींच्या ऑफिसला मिळालं, आणि तिथलं तिवर न् तिवर ओळखणारी मृण्मयी ऑफिसात आयतीच बसलेली होती. तिनेच ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर हाताने नंबर कोरून ते खोडाखोडाला ठोकले. तिनेच अहवालात ‘विरळ, खुरटलेलं, कमी प्रतीचं’ असं लिहिलं. हे शब्द विश्वेशने सुचवलेले नव्हते. ते तिला आपोआप सुचले होते, आणि याची तिला सर्वांत जास्त लाज वाटायची.

अर्धं, म्हणजे एकोणीस हेक्टर, तुटलं. उरलेल्या अर्ध्याला एक अट होती. तुटलेल्याच्या बदल्यात तेवढ्याच क्षेत्रावर त्याच जातीची झाडं लावायची आणि सहा महिन्यांनी त्यातली निम्मी तरी जिवंत असल्याचा अहवाल द्यायचा. अहवाल आला तरच पुढचं तोडायला परवानगी. किनाऱ्यावर मोकळी जागा नव्हती. मग फाइल टेबलाटेबलांवरून फिरत जमीन शोधत नाशिक जिल्ह्यात शिरली आणि पेठ तालुक्यातल्या बोरपाड्याच्या डोंगरउतारावर येऊन थांबली. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटर लांब. कुणाला काही वावगं वाटलं नाही. हुकुमात जात लिहिली होती, क्षेत्र लिहिलं होतं. समुद्र हा शब्द नव्हता.

भाद्रपदात दोन टेम्पो भरून दोन हजार पिशव्या बोरपाड्याला उतरल्या. तिवर, कांदळ, चिपी. नाल्याच्या काठाने जेमतेम हेक्टरभर पट्ट्यात खड्डे घेतले होते. झाडं खाऱ्या पाण्यातली, म्हणून विश्वेशने जाड्या मिठाची दहा पोती पाठवली होती. मजुरांनी खड्ड्याखड्ड्यात मूठमूठ मीठ टाकलं, रोपं उभी केली, फोटो निघाले. परतताना सावळघाटात मृण्मयीने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकली. घाट लागला, असं तिने ड्रायव्हरला सांगितलं.

पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. ही रोपं महिनाभरसुद्धा टिकणार नव्हती. सहा महिन्यांनी ती जाणार होती, वाळलेल्या काड्यांचे फोटो काढणार होती आणि लिहिणार होती: सर्व मृत. मोरखारचा उरलेला अर्धा भाग वाचणार होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच खरं लिहिणं आणि चांगलं करणं एका कागदावर येत होतं. नोकरी गेली तर जावो, इथपर्यंत तिची तयारी झाली होती.

माघ निम्मा सरल्यावर, दुपारी दीडच्या सुमारास ती बोरपाड्याला पोहोचली. भातखाचरं कापून मोकळी झाली होती, कुडाच्या भिंतींवर नागलीच्या पेंढ्या टेकवलेल्या होत्या. पट्ट्याची राखण कागदोपत्री बारकूकडे होती. साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. तो बांधावर उभा राहून तिची वाटच बघत होता.

रोपं तिच्या छातीपर्यंत आली होती.

ती ओळीओळीतून फिरली. एकही रिकामा खड्डा नव्हता. पानं जाड, चकचकीत, तेलाचा हात फिरवल्यासारखी. तिने तिवराचं एक पान तोडून जिभेला लावलं. पानावर मीठ होतं. तिवर जमिनीतलं जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं, हे तिने स्वतः प्रबंधात लिहिलं होतं. पण खड्ड्यात टाकलेलं मूठभर मीठ पावसाळ्यातच धुऊन गेलेलं असणार. हे मीठ कुठलं, ते तिला सांगता येईना. खाली वाकून पाहिलं तर ओल्या काळ्या चिखलातून बोटाएवढे खुंट वर आलेले होते, शेकड्यांनी. आणि वास. खाजणाचा, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीचा, सडक्या पानांचा, गंधकाचा तो वास तिला डोळे मिटून ओळखता आला असता.

“पाणी कोण घालतं यांना?” तिने विचारलं.

“कोणी नाय घालत,” बारकू म्हणाला. “पाणी येतंय.”

त्याने नाल्याकडे मान केली. माघातला नाला, दगड पांढरे पडलेले. पंधरा-वीस मिनिटं ती रोपांची नोंद करत राहिली. मग दगडांमधून काहीतरी चमकलं. पाणी येत होतं. आवाज नव्हता. आणि ते वरून, डोंगराकडून येत नव्हतं. खालच्या अंगाने, उताराविरुद्ध, दगडादगडाला वळसा घालत ते वर चढत होतं.

सव्वा दोनला पाणी रोपांच्या बुंध्यांना टेकलं आणि थांबलं. थोड्या वेळाने आल्या वाटेने उतरायला लागलं. तीनपर्यंत बुंधे उघडे पडले होते.

भूजल, झरा, एखाद्या बंधाऱ्यातून सोडलेलं पाणी, अशी सगळी कारणं तिने परतीच्या रस्त्यावर एकेक करून तपासली आणि एकही पटलं नाही. घरी आल्यावर वडील संध्या आटोपून बसले होते. आज तिथी काय, असं तिने सहज विचारलं. तृतीया, ते म्हणाले.

तिनाची पाऊणपट सव्वा दोन.

एकदा जुळलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, एवढं शास्त्र तिला शिकवलेलं होतं. नऊ दिवसांनी द्वादशी होती. म्हणजे सकाळी नऊ. ती साडेसहाला निघून साडेआठला बोरपाड्यात हजर झाली, कुणाला न सांगता. नऊला पाणी रोपांना टेकलं. या खेपेला ते तिथेच थांबलं नाही. पहिल्या खाचराचा बांध ओलांडून आत पसरलं आणि मगच फिरलं.

बारकूची बायको झुंबरबाई विहिरीवरून रिकामी हंडी घेऊन परत येत होती. मृण्मयीला पाहून थांबली. तिने तक्रार केली नाही. नुसतं सांगितलं की आता डाळीत मीठ टाकावं लागत नाय. प्यायचं पाणी ती डांबरी रस्त्याच्या पलीकडच्या हातपंपावरून आणत होती, दोन खेपा वाढल्या होत्या. बारकूने ग्रामसेवकाला सांगितलं होतं. त्याने व्हिडिओ काढून आणायला सांगितला. व्हिडिओत पाण्याने भरलेला एक नाला दिसत होता, बस. पाणी आहे ही काय तक्रार झाली, असं ग्रामसेवक म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर मृण्मयी पट्ट्यात उतरली. चिखलात लहान खेकड्यांची बिळं होती. डोळे वर आलेली निवटी, खाडीच्या चिखलात सरपटणारे ते मासे, तिच्या पायांजवळून उड्या मारत लांब गेले. हे सगळं बघत ती मधल्या एका तिवराजवळ आली. खोड मनगटाएवढं जाड होतं आणि कमरेच्या उंचीला त्यावर गाठ आली होती. ठोकलेल्या खिळ्याभोवती झाड साल वाढवून घेतं, तशी. गाठीतून पत्र्याची कड दिसत होती. तिने नखाने साल उकलली.

११४६. अक्षर तिचंच होतं. एक हा आकडा ती खाली आडवी रेघ देऊन काढते.

मोरखारचं ते झाड तुटून आठ महिने झाले होते. जुनं होतं, तिच्या कवेत मावलं नव्हतं.

तिने सालीचा तुकडा परत होता तसा बसवला. बाजूच्या झाडावर गाठ आहे का, हे तिने पाहिलं नाही.

त्यानंतरचे चार दिवस ती ऑफिसात नुसती स्क्रीनकडे बघत बसली. खरं लिहायचं तर लिहावं लागणार होतं: शंभर टक्के जिवंत. आणि ते खरं वाचून मोरखारचा उरलेला अर्धा भाग तोडला जाणार होता. अकरा वर्षं मेलेल्याला जिवंत लिहिलं, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. आता जिवंत आहे तर ते लिहिता येत नाही. तिला स्वतःची, विश्वेशची, त्या हुकुमाची, सगळ्यांचीच चीड आली. शेवटी तिने लिहिलं: सर्व रोपे मृत. फोटोंची अडचण नव्हती. मेलेल्या लागवडीचे फोटो ऑफिसात हवे तेवढे होते.

विश्वेश दाणी वाईट माणूस नव्हता. कर्मचाऱ्यांच्या मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा, दिवाळीला प्रत्येकाच्या घरी स्वतः जायचा. अहवाल वाचून तो रागावलाही नाही. एखादं तरी हिरवं सापडतंय का बघतो, असं म्हणून गाडी काढून एकटाच बोरपाड्याला गेला. गेला तेव्हा ओहोटी असावी, कारण पाणी त्याला दिसलं नाही. त्याला झाडं दिसली.

संध्याकाळी तो पेढे घेऊन ऑफिसात आला. डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं.

“मृण्मयी, अगं आपल्या हातून पहिल्यांदा काहीतरी जगलंय,” तो म्हणाला. “तू मेलं म्हणून का लिहिलंस?”

तिने सांगायचा प्रयत्न केला. पाणी खालून वर येतं, विहीर खारट झालीय, तिथीवर येतं. नंबराचं तेवढं तिने गाळलं. स्वतःच्या कानांनाच ते वेड्यासारखं ऐकू येत होतं. विश्वेश शांतपणे ऐकून घेत होता. विहिरीचं ऐकल्यावर त्याने वहीत टिपून घेतलं, कंपनीकडून पाड्यात दुसरा हातपंप मारून घेऊ म्हणाला. आणि चार दिवस सुट्टी घे, म्हणाला. आवाजात खरी काळजी होती.

नवा अहवाल त्याने स्वतः लिहायला घेतला. फोटो खरे, टक्का खरा, उंची खरी. असा अहवाल या ऑफिसातून कधी बाहेर पडलाच नव्हता. फक्त सही तिची हवी होती आणि हद्दीचा नकाशा. पट्टा हेक्टरभर, हुकूम एकोणीसचा. तेवढं नेहमीसारखं बसव, असं तो म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

त्या अहवालावर सही करायची नाही, असं तिने ठरवलं असतं तर तसं करता आलं असतं. नंतर तिने या क्षणाचा फार विचार केला. पण तेव्हा ती थकली होती. जे लिहिलंय ते खरं आहे, मग नाही म्हणायचं तर काय कारण सांगून, हे तिला सापडत नव्हतं. आणि नकाशाचं तर तिच्या मनातही आलं नाही. हाताला सवय होती. उपग्रहाच्या चित्रावर तिने नाल्यापासून रेघ सुरू केली, खाचरांवरून नेली, पाड्यावरून नेली. चित्र लांबून घेतलेलं, घरांची छपरं पांढऱ्या ठिपक्यांएवढी. बारा ठिपके. खाली आकडा वाढत गेला. अठरा पूर्णांक काही भरले तेव्हा डांबरी रस्त्याकडचा कोपरा धरून तिने जरा ओढला. एकोणीस झाले. चहा येईपर्यंत काम आटोपलं होतं.

तिने सही केली.

परवानगी पंधरा दिवसांत आली. कंपनीच्या लोकांना शुभ मुहूर्तावर काम सुरू करायचं होतं. पाडवा जवळच होता.

पाडव्याच्या सकाळी पंचवटीत दारोदार गुढ्या उभ्या होत्या. वेणीमाधवांनी आंघोळीनंतर लेकीच्या हातावर कडुनिंबाची पानं ठेवली, तिने ती चावून गिळली. दहा वाजता ऑफिसच्या ग्रुपवर विश्वेशने फोटो टाकला. मोरखारच्या खाडीकाठी पिवळं यंत्र उभं होतं. त्याच्या लोखंडी हाताला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ, मागे हिरवी तिवरं. खाली लिहिलं होतं, शुभारंभ. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

आज तिथी विचारायची गरज नव्हती. प्रतिपदा. पाऊण वाजता.

श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून ती उठली. वडिलांनी विचारलं तर साइटवर जाऊन येते म्हणाली. सणाच्या दिवशी कसली साइट, असं ते पुटपुटले, पण त्यांनी अडवलं नाही.

बोरपाड्याला ती बाराला पोहोचली. डांबरी रस्त्यावर, पाड्याच्या वाटेच्या तोंडाशी गाडी उभी केली. बारकू बैलांना वर टेकडीवर बांधून येत होता. घरांतून माणसं सामान बाहेर आणत होती. भांडी, गोधड्या, नागलीचं पोतं, दळायचं जातं. कुणी घाई करत नव्हतं. मृण्मयीने काही सांगायच्या आधीच त्यांनी आवराआवर सुरू केलेली होती.

“रात्रीचं पाणी घराच्या पायरीपर्यंत आलं होतं,” बारकू म्हणाला. “गेलं परत. पण जाताना लय सावकाश गेलं.”

ती तिघं वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. बारकू, झुंबरबाई आणि ती. खाली नाल्याच्या काठी तिवरं आता डोक्यावर गेली होती.

साडेबाराला नाला भरला.

पाणी तिवरांत शिरलं. पहिलं खाचर गेलं, मग दुसरं. बांध एकेक करून दिसेनासे झाले. कुठे खळखळ नाही, फेस नाही. स्वच्छ ऊन पडलं होतं आणि उन्हात ते पाणी सपाट, हिरवट दिसत होतं.

पाऊण वाजता ते विहिरीच्या कठड्याला टेकलं आणि थांबलं.

मृण्मयीने श्वास सोडला. पाऊण म्हणजे पाऊण. आता फिरेल. तिने घड्याळ बघितलं, विहिरीच्या कठड्यावरचा एक फुटका दगड खूण म्हणून धरला आणि त्याच्यावरून नजर काढली नाही.

एक वाजला. दगड तेवढाच भिजलेला होता.

सव्वा वाजला.

रस्त्यावर मोबाइलला रेंज होती. ग्रुपवर विश्वेशचा नवा फोटो आला. खाडीकाठचा मोठा तुकडा उघडा पडला होता, तोडलेल्या खोडांचे लाल बुंधे दिसत होते. जेवणाची सुट्टी संपली, काम परत चालू, असं लिहिलं होतं.

तिने मान वर केली तेव्हा फुटका दगड पाण्याखाली गेला होता.

ओहोटीची वेळ होती आणि पाणी चढत होतं.

पहिल्या घराचा ओटा भिजला. मग उंबरा. कुडाच्या भिंतीतून पाणी आत शिरलं आणि चुलीतली राख तरंगत बाहेर आली. पाठोपाठ दाराच्या चौकटीशेजारी, सारवलेल्या अंगणातून, बोटाएवढे खुंट वर येताना दिसले. तिथे कुणी काही लावलेलं नव्हतं.

बारकू खाली बसला. त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“आज फिरणार नाय ते,” तो म्हणाला.

मृण्मयीला रडू आलं. मी केलं हे, असं ती मोठ्याने म्हणाली. एकदा म्हणाली, परत म्हणाली. त्या दोघांनी तिच्याकडे पाहिलं, पण तिची समजूत घातली नाही. घालावी असं काही तिने केलेलंही नव्हतं.

थोड्या वेळाने झुंबरबाई तिच्या जवळ आली. डोक्यावरची हंडी तिने रस्त्याच्या अलीकडच्या कडेला ठेवली होती, तिच्याशेजारी गोधड्यांचं गाठोडं.

“कागदावर कितीक जागा लिहिली हाय, ताई?” तिने विचारलं.

“एकोणीस हेक्टर.”

“म्हंजी कुठवर?”

मृण्मयीने हात वर केला. नाला, खाचरं, विहीर, बारा घरं. हात फिरत फिरत उताराने वर आला आणि डांबरी रस्त्यापाशी थांबला.

झुंबरबाईने त्या हाताच्या रेषेत नीट बघून घेतलं. मग पायाखालच्या रस्त्याकडे बघितलं.

“रस्त्याच्या ह्या अंगाला का त्या अंगाला?”

मृण्मयी आठवायला लागली. कोपरा तिने धरला होता. जरा ओढला होता. किती, ते तिने तेव्हा बघितलं नव्हतं. तिची नजर खाली आकड्यावर होती.

झुंबरबाईने तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं. मग तिने हंडी डोक्यावर घेतली, गाठोडं काखेत मारलं, रस्ता ओलांडला आणि पलीकडे न थांबता हातपंपावरून पुढे टेकडी चढायला लागली.